नाक नसलेले यान

विज्ञानकथेवर आधारलेल्या खेळांत अवकाशयानांची दोन घराणी दिसून येतात. एक सुईचे आणि दुसरे चेंडूचे. सुईचे घराणे मोठे आणि मिरवणारे आहे. चेंडूचे लहान, पण चिवट आहे. हे गोल यान आले कोठून, हा प्रश्न आम्ही प्रस्तुत लेखात घेतला आहे. साहित्याला वाहिलेल्या त्रैमासिकाने खेळातील यानाच्या आकाराची उठाठेव कशासाठी करावी, अशी शंका काही वाचकांस येईल. आमचे म्हणणे इतकेच की, आकार हाही कथनाचा भाग असतो. आमच्या संतपूर-औराद भागातील शाळकरी मुलांची अवकाशाशी पहिली ओळख आता पुस्तकाच्या पानावर क्वचित आणि मोबाइलच्या पडद्यावर बहुधा होते. ज्या प्रतिमा मनात घेऊन ही मुले उद्या मराठी कथा वाचतील, कदाचित लिहितीलही, त्या प्रतिमा कोणत्या गरजेतून घडल्या हे पाहणे समीक्षेच्या अंगणातलेच काम आहे.

या प्रश्नाचे एक ठरीव उत्तर आहे: गोल हा सर्वांत काटकसरीचा आकार, म्हणून यान गोल. त्यात खोटे काही नाही. गोलाचे पृष्ठफळ त्याच्या मध्यवर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या चौपट असते, हे भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातच सांगून ठेवले आहे. तेवढेच घनफळ घनाकृती पेटीत भरायचे तर सुमारे २४ टक्के अधिक पत्रा लागतो. लांबी व्यासाच्या दहापट असलेल्या नळकांड्यात भरायचे तर जवळजवळ पावणेदोन पट. शिवाय आत हवा कोंडलेली असता त्याच जाडीच्या आणि त्याच व्यासाच्या नळकांड्यापेक्षा गोलाच्या भिंतीवर निम्माच ताण येतो. पृथ्वीवरून उडताना हवा कापावी लागते म्हणून अग्निबाण टोकदार असतो. निर्वात अवकाशात टोकाचा काही उपयोग नाही. हे सगळे मान्य केले तरी एक अडचण उरतेच. भूमितीचीच आज्ञा चालत असती, तर खेळांतील सारी याने गोल असती. प्रत्यक्षात टोकदार यानांची संख्या कितीतरी अधिक आहे. भूमिती गोलाला परवानगी देते, आज्ञा मात्र देत नाही. आज्ञा देणारा दुसराच कोणी आहे, आणि तो शोधण्यासाठी खेळांच्या आधी कथांकडे जावे लागते.

ज्यूल व्हर्न यांच्या १८६५ सालच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीत एक प्रसंग आहे, ज्याकडे आमच्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही. तोफांचे वेड असलेली अमेरिकी मंडळी चंद्रावर गोळा डागण्याचे ठरवितात. तो गोळा अर्थातच गोल आहे: ९ फूट व्यासाचा, पोकळ, ॲल्युमिनियमचा. तो तसाच गेलाही असता. पण मध्येच एका फ्रेंच साहसवीराची तार येते: गोल गोळा नको, टोकदार नळकांडे करा, मी त्यात बसून जाणार आहे. म्हणजे माणूस आत शिरायचा ठरला त्या क्षणी गोल गेला आणि सुईसारखे टोक आले. मराठी वाचकाला चंद्राकडे जाणारे जे पहिले यान भेटले ते याच कादंबरीतले. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर 'केरळकोकिळ' मासिकातून तिचे मराठी रूप आले. आमच्या भाषेतल्या अवकाशकल्पनेची सुरुवात अशी सुईच्या बाजूने झाली, आणि आमच्या पाहण्यातल्या मराठी विज्ञानकथांच्या मुखपृष्ठांवर पुढेही बहुधा अग्निबाणच उभा राहिला.

एच. जी. वेल्स यांनी १९०१ साली याच्या उलट केले. त्यांचा कॅव्हर नावाचा शास्त्रज्ञ गुरुत्वाकर्षण अडविणारा पदार्थ तयार करतो. तो पदार्थ गुंडाळता येणाऱ्या पडद्यांच्या रूपाने एका गोलाभोवती बसवितो. ज्या दिशेचा पडदा उघडावा, त्या दिशेचा ग्रहगोल यानाला ओढून घेतो. या यानाला पुढचे-मागचे काही नाही, कारण त्याच्या गतीलाच पुढचे-मागचे नाही. इथे आकार कल्पनेतून उगवला आहे, तो तिच्यावर चिकटवलेला नाही. ई. ई. स्मिथ यांच्या 'स्कायलार्क ऑफ स्पेस' या कादंबरीतही, जी ली हॉकिन्स गार्बी यांच्या साहाय्याने लिहिली गेली आणि १९२८ साली 'अमेझिंग स्टोरीज' मासिकातून आली, यान ४० फूट व्यासाचा पोलादी गोल आहे. त्याची शक्तीची कांडी मध्यभागी असून ती हव्या त्या दिशेला वळविता येते. वाङ्मयीन गुणांच्या बाबतीत हे लेखक वेल्स यांच्या जवळपासही येत नाहीत, हे आम्ही मोकळेपणाने म्हणतो. त्यांची पात्रे पुठ्ठ्याची आहेत. पण गोल का, याचे उत्तर त्यांच्याकडेही कथेच्या आतून येते. जिथे सर्व दिशा सारख्या, तिथे नाक कशाला?

आता खेळांकडे वळू. १९६२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत काही तरुणांनी पीडीपी-१ या संगणकावर 'स्पेसवॉर' हा खेळ रचला. हे तरुण याच स्मिथ यांच्या अंतराळकादंबऱ्यांचे भक्त होते. त्यांच्या खेळात दोन याने एका ताऱ्याभोवती फिरत एकमेकांवर मारा करतात. गोल यानाच्या लेखकाचे चाहते पहिले यान गोलच काढतील, अशी अपेक्षा कोणीही केली असती. त्यांनी काढली ती दोन याने म्हणजे एक सुई आणि एक पाचर. खेळणाऱ्यांत त्यांची नावेही तशीच पडली.

आमच्या मते या विषयाची किल्ली इथे आहे. कादंबरीत यान कोणत्या दिशेला चालले आहे, हे लेखक सांगतो. पडद्यावरच्या खेळात ते सांगायला कोणी नसते. ते यानाच्या देहावरूनच एका दृष्टिक्षेपात कळावे लागते. खेळणाऱ्याचे बोट कळीवर आहे, त्याला आत्ता, या क्षणी, आपले तोंड कोठे आहे हे समजले पाहिजे. गोल कितीही फिरवा, तो गोलच दिसतो. १९७९ सालच्या 'ॲस्टेरॉइड्स' या खेळातले यान अशाच कारणाने एक टोकदार त्रिकोण आहे. पडद्यावर नाक ही चैन नसून दिशादर्शक काटा आहे.

याला दुसरे, अधिक गद्य कारणही जोडले गेले. १९८४ साली डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांनी 'एलीट' हा खेळ ३२ किलोबाइट स्मृतीच्या बीबीसी मायक्रो संगणकासाठी लिहिला. त्यातील याने तारेच्या पिंजऱ्यासारखी, सरळ रेषांनी काढलेली आहेत. सरळ रेषा स्वस्त असते. तिची दोन टोके कळली की झाले. वळणारा गोल रेषांच्या पिंजऱ्यात बसवायचा तर रेषा फार लागतात. म्हणून अवकाशस्थानकसुद्धा तिथे चौकोन-त्रिकोणांच्या पैलूंचे आहे आणि ग्रह तेवढे साध्या वर्तुळाने दाखविलेले आहेत. गंमत अशी की, या काटकसरीतून नकळत एक अर्थ तयार झाला: गोल ते निसर्गाचे आणि पैलूदार ते माणसाचे. खेळ खेळून मोठ्या झालेल्या पिढीच्या मनात हा भेद खोल रुजला असावा, असे आम्हांस वाटते. पुढे संगणक बलवान झाले, हवा तेवढा गुळगुळीत गोल काढणे शक्य झाले, तरी नायकाच्या हाती गोल यान सहसा आले नाही.

मग गोल यान टिकले कोठे? ते कागदावर टिकले. सप्टेंबर १९६१ मध्ये जर्मनीत 'पेरी ऱ्होडान' ही साप्ताहिक कथामाला सुरू झाली. के. एच. शेअर आणि क्लार्क डार्ल्टन या टोपणनावाने लिहिणारे वाल्टर अर्न्स्टिंग हे तिचे जनक. पहिल्याच अंकात माणसांचे निमुळते अग्निबाण-यान चंद्रावर उतरते, आणि तिथे त्याची गाठ परक्या संस्कृतीच्या ५०० मीटर व्यासाच्या गोल यानाशी पडते. सुई आणि चेंडू समोरासमोर येतात, आणि कमीपणा सुईच्या वाट्याला येतो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये युरी गागारिन ज्या व्होस्तोक यानातून पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, त्याचा परतीचा भागही गोल होता. म्हणून जर्मन लेखकांनी तो आकार तिथून उचलला असे म्हणण्याचा मोह होतो. पण सोव्हिएत संघाने व्होस्तोकचे खरे रूप काही वर्षे जगापुढे येऊच दिले नव्हते. दोन आकार एकाच वर्षी एकमेकांना न ओळखता आले.

या मालेचे खरे वैशिष्ट्य तिच्या छेदचित्रांत आहे. रुडॉल्फ झेंगेर्ले यांच्यासारख्या चित्रकारांनी या गोल यानांची कवचे कापून आतील मजले, यंत्रे, कोठारे, छोट्या यानांचे गाळे रेखाटून दाखविले. ही काय चीज असते, ते आमच्या भागातील वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. बीदरजवळ अष्टूर येथे बहामनी सुलतानांच्या कबरींची रांग आहे. त्यात हुमायून शाहाच्या कबरीचा घुमट वीज पडून फाटला आहे, त्यामुळे भिंतीची जाडी आणि घुमटाची कमान उघडी पडली आहे. शेजारचे अखंड घुमट आपण बाहेरून पाहतो. या फाटक्या घुमटात मात्र नजर आत शिरते आणि तो कसा बांधला असेल याचा विचार सुरू होतो. छेदचित्राचे काम हेच. गोलाला ते सुईपेक्षा अधिक मानवते, कारण गोलाचे बाहेरून वर्णन करण्यासारखे काही नसते. त्याचे सारे वैभव पोटात.

जे खेळ टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फाशांनी खेळले जातात, त्यांनी हा गुण हेरला. अशा खेळात एक जण सूत्रधार होतो आणि बाकीचे आपापली पात्रे बोलून वठवितात. आपल्याकडील बैठकीच्या गोष्टीशी त्याचे नाते लावता येईल. मार्क मिलर यांचा 'ट्रॅव्हलर' हा खेळ १९७७ साली निघाला. त्यात यान वजनाने मोजीत नाहीत. एक टन द्रवरूप हायड्रोजन जेवढी जागा व्यापील, म्हणजे सुमारे १४ घनमीटर, ते तिथले माप आहे. यानाची मोठाई म्हणजे आतली जागा, ही धारणा या एका मापातच आली. आता १९८२ सालच्या 'ब्रॉडस्वर्ड' या पुस्तिकेतील भाडोत्री सैनिकांचे यान घ्या. ते ८०० टनी आणि गोल आहे. हिशेब केला तर व्यास २८ मीटरच्या आसपास येतो; म्हणजे विजापूरच्या गोलघुमटाच्या पोटात ते सहज मावेल. त्याचे नकाशे मजल्यामजल्याने काढलेले आहेत. वरचे वर्तुळ लहान, मधले मोठे, खालचे पुन्हा लहान. शिजवलेले अंडे सुरीने कापून चकत्या मांडाव्यात तसे. खेळणारे त्या चकत्यांवर आपापली सोंगटी ठेवतात. झोपायची खोली कोणती, शस्त्रांचे कोठार कोठे, शत्रू आत शिरला तर कोणत्या जिन्याने येईल, याची चर्चा तासन् तास चालते.

इथे दिशा दाखविण्याची गरजच उरत नाही. यान कोठे चालले आहे हे सूत्रधार तोंडाने सांगतो, जसे कादंबरीत लेखक सांगत असे. कथनकार परत आला की गोलही परत येतो. आमचे प्रतिपादन एका वाक्यात मांडावयाचे झाल्यास असे: गोल यानाच्या आकाराचा उगम केवळ भूमितीत शोधून भागणार नाही; ते बाहेरून हाकायचे आहे की आतून राहायचे आहे, यावर त्याचा आकार ठरला. याच खेळाच्या 'हाय गार्ड' या नियमपुस्तिकेत यानाच्या आकारांची जी यादी आहे, तिच्यात सुई-पाचर हे पहिले आणि गोल पाचवा. 'स्पेसवॉर'मधले तेच दोन शब्द कागदावरही अग्रपूजेचा मान घेऊन बसले आहेत, हे पाहून आम्हांस हसू आले.

१९८४ साली सुरू झालेल्या 'बॅटलटेक' या युद्धखेळात ही विभागणी आणखी स्पष्ट होते. ताऱ्यांमधले अंतर ओलांडणारी याने लांब, बारीक, सुईसारखी असतात आणि ती कधीही जमिनीवर उतरत नाहीत. त्यांना चिकटून जाणारी आणि ग्रहावर उतरणारी याने दोन जातींची: पंखांची आणि गोल. पंखांचे 'लेपर्ड' चार यंत्रयोद्धे नेते. गोल 'युनियन' बारा. गोल 'ओव्हरलॉर्ड' छत्तीस. हे आकडे आकाशातून पडलेले नाहीत. चारांची तुकडी, तीन तुकड्यांची कंपनी, तीन कंपन्यांची पलटण, हीच खेळाची मोजणी आहे, आणि यान म्हणजे त्या मोजणीचे कोठार. नियमांच्या दृष्टीने ही रचना चोख आहे. कल्पनेच्या दृष्टीने मात्र आम्हांस ती उणी वाटते. कॅव्हरच्या गोलात विश्वाकडे पाहण्याची एक नवी रीत होती. 'युनियन'मध्ये बारा खण आहेत. २०१८ साली याच विश्वावर जो संगणकखेळ आला, त्यात खेळाडूला प्रथम मिळते ते पंखवाले 'लेपर्ड'. पडद्यावर आले की पुन्हा नाक लागतेच.

पडद्यावर गोल येतो तो दोन रूपांनी: मुक्कामाचे ठिकाण म्हणून किंवा संकट म्हणून. १९७७ सालच्या 'स्टार वॉर्स' चित्रपटातील 'डेथ स्टार' आधी उपग्रहच वाटतो. १९९६ सालच्या 'स्टार ट्रेक' चित्रपटात बोर्ग नावाच्या निर्विकार शत्रूला गोल यान दिले आहे. ज्याला नाक नाही त्याला चेहरा नाही, आणि ज्याला चेहरा नाही त्याची भीती वाटते, एवढे सरळ हे गणित आहे. त्यावर अधिक लिहिण्यासारखे आम्हांस काही आढळले नाही.

लिहिण्यासारखे आहे ते गोलाच्या पायांविषयी. अवकाशात गोलाला वर-खाली नाही, पण जमिनीवर आला की तो लोळतो. 'पेरी ऱ्होडान'मधील गोलांना कमरेला यंत्रांचा जाड कडेपट्टा आणि खाली दुर्बिणीच्या नळ्यांसारखे लांबणारे पाय दिले आहेत. १९६८ सालच्या '२००१: अ स्पेस ओडिसी' चित्रपटातील चंद्रावर उतरणारे गोलसर यानही पाय काढूनच उतरते. 'युनियन'ही तसेच. हे पाहताना आमच्यासारख्या बीदर जिल्ह्यातील माणसाला बिद्री हुक्के आठवल्यावाचून राहत नाहीत. जस्त-तांब्याच्या मिश्रणाचे ओतीव भांडे, त्यात चांदीची जडण, आणि किल्ल्यातली माती व नवसागर लावून आणलेला काळा रंग, ही ती कारागिरी. सतराव्या शतकातील बिद्री हुक्क्यांची पाण्याची पात्रे गोल असत, आणि गोल असल्यामुळे त्यांना बसायला खाली कडे लागे. आपल्या घागरीला चुंबळ लागते तसे. पुढे अठराव्या शतकात ही पात्रे घंटेच्या आकाराची झाली. बूड सपाट आणि रुंद झाले, कड्याची गरज संपली.

सोव्हिएत यानांतही असाच बदल झाला. व्होस्तोकचा सुमारे २.३ मीटर व्यासाचा गोल निवडला गेला, कारण कोणत्याही वेगाला तो हवेत कसा वागेल याचा अंदाज सर्वांत खात्रीने करता येई. वजन एका बाजूला ठेवले की तो आपोआप योग्य बाजूने वळे. पण गोलाला हवेचा उचल मिळत नाही. तो दगडासारखा येतो, आणि आतल्या माणसाला आपल्या वजनाच्या आठ-नऊ पट भार सोसावा लागतो. गागारिन तर सुमारे ७ किलोमीटर उंचीवर यानाबाहेर पडून वेगळ्या हवाई छत्रीने उतरले. त्यानंतरच्या सोयूझमध्ये, ज्यातून १९८४ साली आपले राकेश शर्मा गेले, परतीची कुपी घंटेच्या आकाराची आहे. तिला थोडा उचल मिळतो आणि भार निम्म्यावर येतो. बिद्रीच्या कारागिराची आणि सोव्हिएत अभियंत्याची कारणे वेगळी होती. एकाला बैठकीवरची स्थिरता हवी होती, दुसऱ्याला हवेतला आधार. दोघांनाही गोलाच्या अलिप्तपणाची किंमत मोजावी लागत होती, आणि दोघेही घंटेपाशी येऊन थांबले.

खेळांत हा इतिहास एकाच ठिकाणी प्रामाणिकपणे उतरलेला आम्हांस दिसला. 'केर्बल स्पेस प्रोग्रॅम' या खेळात याने खेळणारा स्वतः जोडतो आणि ती खऱ्या गतिनियमांनी चालतात. २०१८ सालच्या त्याच्या 'मेकिंग हिस्टरी' या पुरवणीत व्होस्तोकच्या धर्तीच्या गोल कुप्या आल्या. एका माणसाच्या कुपीचे नाव कांदा, दोघांच्या कुपीचे वाटाणा आणि तिघांच्या कुपीचे डाळिंब, अशा अर्थाची इंग्रजी नावे त्यांना दिलेली आहेत. ही नावे आम्हांस फार आवडली. त्यांत भव्यतेचा आव नाही. स्वयंपाकघरातली तीन गोल वस्तू उचलून अवकाशात सोडल्या आहेत. आणि कांद्याला पापुद्रे असतात, डाळिंबाला कप्पे. आकाराच्या आत काय आहे याची आठवण नावातच आहे.

मराठीत असा टेबलावरचा खेळ रचायचा कोणी मनावर घेतले आणि त्यातील यान गोल ठरविले, तर पहिला पेच नकाशाचाच पडेल. सर्वांत मोठी चकती मधल्या मजल्याची. तिच्या मध्यभागी काय ठेवायचे? स्मिथ यांनी तिथे शक्तीची कांडी ठेवली. आमच्याकडील जुन्या वाड्यांत ती जागा चौकाची असते, आणि चौकाला वर छप्पर नसते. कवच बंद ठेवून चौक उघडा कसा दाखवावा, हे त्या चित्रकाराला ठरवावे लागेल.